ठरल्याप्रमाणे माइक बंद

बंदोपंतांचं खरं नाव वाचनालयाच्या हजेरीपटाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. सगळ्यांना ते बंदोपंतच. हे नाव त्यांना कसं चिकटलं ते पुढे येईलच. कुणी त्या नावाने हाक मारली की ते वळून बघत, हसतसुद्धा, आणि हाक मारणाऱ्याला मनातल्या यादीत टिपून ठेवत. यादी लांबलचक होती आणि तिच्यातून एकदा गेलेलं नाव कधी खोडलं जात नसे.

वाचनालयाच्या मागे एक हॉल होता आणि तिथली ध्वनिव्यवस्था बंदोपंत बघत. व्यवस्था म्हणजे चार माइक, दोन स्पीकर, खोकंभर वायरी आणि आवाज चढवायचा-उतरवायचा एक मिक्सर. त्यांच्याकडे मिक्सर असतो हे ऐकून एकदा शेजारीण वाटणाचा मिक्सर दुरुस्तीला घेऊन आली होती. तोही त्यांनी करून दिला, कारण त्यांचा हातच तसा होता. हॉलच्या भिंतीपलीकडे लेथचा कारखाना. आठवडाभर तिकडे लोखंड किंचाळायचं, म्हणून गाणंबजावणं फक्त रविवारी. संध्याकाळी सभा, व्याख्यानं, कुणाकुणाचे सत्कार. उरली दुपारी तीनची वेळ, जेवून आडवं व्हायची. ती वाचनालयाच्या संस्थेने नवख्या कलाकारांना देऊन टाकली होती. आपल्याला नको असलेलं दान करायला मन मोठं लागत नाही.

त्या ओसाड दुपारींमध्ये बंदोपंतांनी काय काय पाहिलं! आज जिला मैदानं पुरत नाहीत ती गायिका इथे एकोणीस माणसांपुढे गायली, आणि त्यातली चार तिच्या घरची होती. प्रत्येक गाण्याआधी ती चप्पल काढून ठेवायची आणि गाणं संपलं की घालायची, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या हे लोकांना चपलेवरून कळायचं. एका बासरीवाल्याने पंख्याच्या वाऱ्याने सूर हलतो म्हणून सगळे पंखे बंद करायला लावले. मग घामाने बासरी त्याच्याच हातातून निसटली आणि पहिल्या रांगेतल्या एका झोपलेल्या गृहस्थांच्या मांडीवर पडली. गृहस्थ दचकून उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. ढोलकं वाजवणारे दोघे भाऊ पडदा उघडेपर्यंत एकमेकांच्या नरड्याशी होते आणि उघडल्यावर एकाच माणसाचे चार हात असावेत तसे वाजवायला लागले. त्या दोघांची चित्रं आता भिंतीएवढी लागतात.

आज निदान तीनशे माणसं छातीवर हात ठेवून सांगतील की आम्ही तेव्हा तिथे होतो. बंदोपंत त्यांना काही बोलत नसत. पण माणसं मोजायची त्यांना सवय होती. हॉल रिकामा असला की आवाज घुमतो, भरला की अंगांमध्ये शोषला जातो, म्हणून ते दर कार्यक्रमाआधी डोकी मोजून मिक्सर लावत. कुठल्या दुपारी किती डोकी होती ते त्यांना पाठ होतं. थापाड्यांची नावंही यादीत होतीच.

यादीच्या अगदी वर मात्र एकच नाव होतं.

चौतीस वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी सत्तावीस वर्षांचा एक मुलगा गायला आला. इस्त्री मोडलेला शर्ट, स्वतः चाली लावलेली सहा गाणी आणि साथीला पेटी वाजवणारा मित्र. हॉलमध्ये डोकी सव्वीस. त्यांत पहिल्या रांगेत टक्कल पडलेले एक गृहस्थ होते, ते रेकॉर्ड कंपनीतले. जवळच कुणाकडे जेवायला आले होते आणि जेवण जड झालं म्हणून बसल्या बसल्या पचवायला हॉलमध्ये शिरले होते. नशीब नशीब म्हणतात ते असंही येतं, दुसऱ्याच्या अपचनातून.

दोन गाणी बरी झाली. तिसऱ्याचं दुसरं कडवं वर चढत होतं. मुलगा चढला आणि टोकाला पोचल्यावर त्याचा आवाज टर्रकन फाटला, जुनी चादर दोन बाजूंनी ओढावी तसा. घाबरून त्याने पुढची ओळ धरली ती चुकीची, आणि वर बेसूर. टक्कलवाल्या गृहस्थांनी खुर्चीला अडकवलेली छत्री हातात घेतली.

बंदोपंतांच्या हाताने डोक्याला न विचारता काम केलं. माइकची सरकती कळ त्यांनी थेट तळाला नेली. आवाज गेला. मग ते ताडकन उठले, स्टेजपाशी जाऊन वायर हलवली, प्लग काढून फुंकला, कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "माफ करा मंडळी, यंत्र दगा देतंय." तो फाटका आवाज यंत्राचाच, असंच सव्वीसच्या सव्वीस जण धरून चालले. स्टँडमागे वाकून बंदोपंत त्या मुलाला हळूच म्हणाले, "पुढे ये. खालच्या सुरात धर. तसाच गा."

हे त्यांना त्यांच्या मिस्त्रींनी शिकवलं होतं. मिस्त्री म्हणजे ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली त्यांनी वायरी जोडायला सुरुवात केली तो. त्याचा नियम होता की कलाकार घसरला तर दोष यंत्रावर घ्यायचा. यंत्राला अब्रू नसते, माणसाला असते. आणि एकदा झाकलं की कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. सांगायचंच होतं तर झाकलं कशाला? मिस्त्री स्वतः चाळीस वर्षांची झाकपाक पोटात घेऊन मेला आणि मरताना म्हणे त्याचा चेहरा फार समाधानी होता.

मुलगा पुढे आला. बिनमाइकचा त्याचा आवाज त्या जवळजवळ रिकाम्या हॉलमध्ये खरोखर गोड लागला. छत्री परत खुर्चीला अडकली. कार्यक्रम संपल्यावर टक्कलवाले गृहस्थ स्वतः उठून पडद्यामागे गेले आणि पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. ते गृहस्थ गेल्यावर मुलाने बंदोपंतांचे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते त्याचे. "दादा, हे मी जन्मभर विसरणार नाही."

विसरला नाहीच. जन्मभर सांगत सुटला.

पहिल्या मुलाखतीत नुसतं एवढंच होतं की ऐन वेळी माइक बंद पडला आणि मी तसाच गायलो. बंदोपंतांनी कात्रण कापून ठेवलं, त्यांना कौतुकच वाटलं होतं. तीन वर्षांनी त्या गोष्टीला नवं पान फुटलं की ऑपरेटर डुलक्या घेत होता. आणखी सहा वर्षांनी टीव्हीवर, लाखो लोकांसमोर, तो गायक हसत हसत नाकापाशी हात हलवून म्हणाला, "झोप कसली हो, महाराजांच्या तोंडाला वास येत होता." निवेदिका खो खो हसली. बंदोपंत तेव्हा घरी जेवत होते. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, त्यांचा घास तोंडातच फिरायला लागला.

नाव पडलं ते तेव्हाच. वीज गेली, नळ गेला, कुणाची सायकल अडली की लोक म्हणायचे, "बंदोपंतांना बोलवा." नदीपलीकडे नवीन नाट्यगृह बांधलं होतं, बाराशे खुर्च्यांचं. तिथे मुख्य ध्वनितंत्रज्ञ म्हणून बंदोपंतांची निवड झाल्यात जमा होती. तिथल्या व्यवस्थापकाने त्यांना बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं, "तुमचं काम चांगलं आहे हो. पण आमच्याकडे जागं राहावं लागतं." खोलीत आणखी दोघे होते, ते हसले. बंदोपंतांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि घरी आले.

तेव्हापासून ते सूड उगवण्याचा विचार करत होते. रोज करत होते, दात घासताना माणूस दिवसाच्या कामांचा करतो तसा. हॉलमध्ये मध्यंतरात ते सगळ्यांची गाणी लावत, त्याचं कधी नाही. न्हाव्याच्या दुकानात रेडिओवर त्याचं गाणं लागलं तेव्हा अर्ध्या गालाला साबण असताना उठून घरी आले आणि उरलेली अर्धी दाढी स्वतः केली. एवढ्याशाने काय होणार? डोंगराला टाचणी टोचून डोंगर ओरडत नाही. खरं काय ते सांगून टाकावं असं कितीदा वाटलं, शब्द दातांपर्यंत आले. पण मिस्त्री आडवा यायचा. नियम मोडला तर आपण त्या गायकापेक्षा काय वेगळे, असं वाटायचं. मेलेल्या म्हाताऱ्याला दिलेला शब्द आणि जिवंत माणसाबद्दलचा राग, दोन्ही त्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळले.

बायकोलाही त्यांनी चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी एवढंच सांगितलं होतं की वायर जुनी होती. तिने ते खरं मानलं.

यंदा हॉलला पन्नास वर्षं झाली. संस्थेचे अध्यक्ष, एक निवृत्त हेडमास्तर, उत्साहाने नुसते फसफसत होते. तो गायक येणार होता. स्टेजशेजारच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवायची होती. पाटीचा मजकूर हेडमास्तरांनी स्वतः लिहिला होता: 'याच मंचावर माइक बंद पडला आणि एका आवाजाचा जन्म झाला.' बंदोपंतांनी तो दोनदा वाचला. तोंडातोंडी चाललेली गोष्ट माणसांबरोबर मरते. दगडावर कोरली की मेलेल्याच्या नातवंडांनाही पुरते.

"आणि साहेबांनी स्वतः एक कल्पना सुचवलीय," हेडमास्तर म्हणाले. "तो प्रसंग पुन्हा करून दाखवायचा! तिसरं गाणं, दुसरं कडवं. साहेब डावा हात वर करतील, तुम्ही माइक बंद करायचा आणि साहेब बिनमाइकचे गाणार. तुम्ही त्याआधी फक्त मिक्सरवर डोकं टेकून झोपल्यासारखं करायचं. टीव्हीवाले येणार आहेत. तुमचाही सत्कार ठेवलाय."

बंदोपंत बराच वेळ मिक्सरवरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "किती वाजता यायचं?"

घरी हे ऐकून बायकोने हातातला टॉवेल आपटला. "चौसष्टाव्या वर्षी सोंगं करणार तुम्ही? तेही त्या माणसासाठी?"

"बोलावलंय, तर जायला नको का?"

"मग मीपण येणार. तुम्ही डोकं टेकवल्यावर कोण कोण हसतं ते मला बघायचंय एकेकाला." तिचीही यादी होती, हे बंदोपंतांना तेव्हा माहीत नव्हतं.

शनिवारी गायकाचा सेक्रेटरी आला, गुळगुळीत माणूस, बोलताना कायम कुणाच्या तरी खांद्यावर हात. इकडेतिकडे बघून त्याने एक छोटा लॅपटॉप काढला आणि आवाज उतरवला. "हे फक्त तुमच्या-माझ्यात. दोन वर्षांमागे साहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माइकवर सांभाळून नेता येतं, पण बिनमाइकचं आता जमत नाही. म्हणून ते कडवं आम्ही जुन्या रेकॉर्डिंगवरून तयार करून आणलंय, अगदी हॉलमध्ये उघडा आवाज घुमतो तसं. स्टेजच्या पुढच्या फळीमागे दोन लहान स्पीकर लपवू. तुम्ही माइक बंद केला की लगेच हे सुरू करायचं. लोकांना वाटेल साहेबच गातायत. समजलं ना?"

"समजलं."

"साहेब म्हणाले, या माणसावर विश्वास टाकायला हरकत नाही."

बंदोपंतांनी मान हलवली. 'समजलं' आणि 'करतो' यांत फरक असतो, पण सेक्रेटरीला घाई होती. तो गेल्यावर बंदोपंत रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर बसले. पुन्हा झाकायचं होतं. चौतीस वर्षांनी तोच माणूस तेच मागत होता, आणि हसं पुन्हा त्यांचंच होणार होतं, यावेळी डोकं टेकवून. त्यांच्या अंगातून असा काही आनंद सरसरत गेला की त्यांना स्वतःचीच थोडी भीती वाटली. इतकी वर्षं जी संधी शोधत होते ती गुळगुळीत हाताने कुणीतरी आणून दिली होती.

रविवारी हॉल खच्चून भरला. तीनशे खुर्च्या, भिंतीला टेकून उभे आणखी शंभर. लोकांना दिसावं म्हणून मिक्सरचं टेबल बाजूच्या खोलीतून काढून हॉलच्या मधोमध मांडलं होतं. गायक आला. रुपेरी केस, मऊ शाल, चालण्यात मोठेपणा. मिक्सरपाशी थांबून त्याने बंदोपंतांच्या पाठीत थाप मारली. "काय बंदोपंत! जागे आहात ना?" सगळा हॉल हसला. बंदोपंतही हसले. पाचव्या रांगेत त्यांची बायको ठेवणीतले कपडे घालून बसली होती. ती हसली नाही, ती मान वळवून वळवून बघत होती.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. बंदोपंतांनी दोन्हींना आवाज इतका सुंदर लावला की थकलेल्या घशालाही तेज आलं. यात खोट ठेवणं त्यांना जमलंच नसतं. तिसरं गाणं सुरू झालं. कॅमेरा बंदोपंतांकडे वळला. हेडमास्तर स्टेजच्या कडेवरून खुणा करायला लागले की झोपा, झोपा. बंदोपंत ताठ बसून राहिले, शाळेत पहिल्या बाकावर बसतात तसे, डोळे टक्क उघडे.

दुसरं कडवं आलं. गायकाचा डावा हात वर गेला.

बंदोपंतांनी कळ तळाला नेली. सगळ्यांना दिसावं म्हणून हात उंच उचलला आणि मांडीवर ठेवला. दुसराही हात मांडीवर ठेवला. लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही.

गायक दोन्ही हात पसरून पुढे आला, मान मागे टाकली, तोंड उघडलं. आधी काही आलंच नाही. मग बाहेर पडली ती एक बारीक, खरखरीत हवा, मध्येच सुराची एखादी काडी. पहिल्या दोन रांगांना तेवढं तरी मिळालं, मागच्यांना तेही नाही. तो थांबला. त्याने मिक्सरकडे बघितलं. चारशे माणसं श्वास धरून होती आणि त्या शांततेत मागून भिंतीजवळचा कुणीतरी, काही माहीत नसलेला, सवयीने ओरडला, "आवाज!"

आणखी दोघेतिघे ओरडले, "आवाज, आवाज!"

सेक्रेटरी धावत टेबलापाशी आला. बोलणार काय? कॅमेरा समोर होता. तो नुसता डोळ्यांनी लॅपटॉप दाखवत राहिला. गायक स्टेजवरून हाताने वर, वर, अशी खूण करायला लागला. तेव्हा हेडमास्तरांनी, ज्यांना त्या लॅपटॉपचं काहीच माहीत नव्हतं, स्वतःचा माइक उचलला आणि भाबडेपणाने सगळ्या हॉलला सांगितलं, "माइक बिघडलेला नाही! साहेब, ठरल्याप्रमाणेच बंद केलाय. आपण गा!"

साहेबांना गाता येईना. गायकाने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा ती हवा आली, मग खोकला आला आणि थांबेना. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणी हसलं नाही आणि ते जास्त वाईट होतं. पाणी आलं, खुर्ची आली. कार्यक्रम तिथेच आवरला. पाटीवरचा पडदा गायकाने कसाबसा ओढला आणि लोक पाटी न वाचताच उठले.

बंदोपंत वायरी गुंडाळत होते. पोटात गार, गोड असं काहीतरी पसरत होतं. सूड वाईट असतो, सुडाने समाधान मिळत नाही, असं पुस्तकांतून लिहितात. लिहिणाऱ्यांनी घेतला नसावा कधी. मिळतं. चांगलं पोटभर मिळतं. तेवढ्यात गायकाने त्यांना पडद्यामागच्या खोलीत बोलावून घेतलं आणि सेक्रेटरीला बाहेर काढून दार लावलं.

"तुला सगळं सांगितलं होतं ना?" आवाज घोगरा होता.

"सांगितलं होतं."

"मग मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम केलं."

बंदोपंत वाट बघत होते. आता हा चिडेल, मग शरमेल, मग चौतीस वर्षांपूर्वीची दुपार त्याच्या डोळ्यांत उभी राहील. ते बघण्यासाठीच तर हे सगळं. पण गायक खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिला, फार दुखावल्यासारखा.

"मी तुझं काय वाईट केलं रे?" तो म्हणाला. "तू झोपलास तेव्हा, माझं वाटोळं होत होतं. तरी मी कधी तुझी तक्रार केली नाही. उलट तुझी गोष्ट जगभर नेली. नाहीतर तुला कोण ओळखत होतं?"

"मी झोपलो नव्हतो. तुझा आवाज फाटला होता. वरच्या सुरावर. मी झाकला."

"माझा?" गायक खरोखर गोंधळला. "त्या दिवशी? छे, छे. त्या दिवशी तर आवाज असा लागला होता की... काहीतरीच काय बोलतोस."

बंदोपंतांनी आयुष्यभर गळे ऐकले होते. खोटं बोलताना गळा कुठे आवळतो ते त्यांना कळे. त्यांनी कान देऊन ऐकलं, आणि त्या गळ्यात खोटं सापडलं नाही. सांगता सांगता हा माणूस ते विसरून गेला होता. जन्मभर लक्षात ठेवणार होता ती गोष्ट त्याच्या डोक्यातून केव्हाच पुसली गेली होती आणि तिच्या जागी टीव्हीवरची गोष्ट बसली होती. साप कधीच निघून गेला होता आणि ते भुई धोपटत होते. पोटातलं गार-गोड जागच्या जागी आंबट झालं. ते बाहेर आले.

बायको दाराशी उभी होती, तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. घरी जाईपर्यंत ती थांबली नाही. "काय तोंड झालं होतं मेल्याचं! आणि तुम्ही! काय ताठ बसला होतात! नाट्यगृहाचा तो व्यवस्थापक आला होता बरं का, काठी टेकत, त्याच्याकडे मी असं बघितलं, असं बघितलं..."

घरी आल्यावर तिने चहाचं आधण ठेवलं. बाहेर अजून ऊन होतं. बंदोपंत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्या दुपारचं खरं आता सगळ्या जगात त्यांच्या एकट्याकडे होतं. ज्याच्यासाठी झाकलं त्यालाच ते नको होतं, मग मिस्त्रीच्या नियमाला काय अर्थ उरला? त्यांनी तिथेच उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. आवाज फाटला तो, कळ खाली नेली ती, वायर हलवल्याचं नाटक, टक्कलवाल्याची छत्री, सगळं. सांगताना त्यांना फार हलकं वाटत होतं. तिने आपला हात धरावा असंही वाटत होतं.

तिने गॅस बंद केला.

"म्हणजे वायर जुनी नव्हती."

"नव्हती."

"मला का नाही सांगितलंत?"

"धंद्याचा नियम होता. कुणालाच सांगायचं नाही."

"धंदा दुपारी असायचा. संध्याकाळी घरी येत होतात ना?"

तिने आधणावर झाकण ठेवलं.

"अकरा वर्षं मी ताईच्या घराची पायरी चढले नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तुम्हाला काय वाटलं, आईच्या शिवणयंत्रावरून भांडलो? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तसं सांगितलं होतं. तिच्या मुलीच्या लग्नात चारचौघांत ती मला म्हणाली, काय गं, घरी पण पिऊन येतात का? मी म्हटलं, ते शिवत नाहीत दारूला. तर म्हणाली, मग माइक बंद कशाने पडला? मी म्हटलं, वायर जुनी होती. सगळी पंगत हसली. वायर जुनी होती! माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच बोलायला. मी ताटावरून उठले ती पुन्हा गेले नाही. आजारी होती तेव्हासुद्धा गेले नाही."

"मला माहीत नव्हतं."

"त्या मेल्याची अब्रू तुम्ही चौतीस वर्षं झाकलीत. माझ्यासाठी एक शब्द काढला असतात तर मी तिच्या तोंडावर फेकला असता. ती ताईच होती माझी, तिने ऐकलं असतं." तिने पदराने नाही, ओल्या हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "ताई जाऊन चार वर्षं झाली. आज सांगताय तुम्ही. आता मी कुणाला जाऊन सांगू?"